वळणावर लक्ष शिल्लक राहावं म्हणून

मुंबईत मोटरसायकलचा रेसट्रॅक नाही. इथल्या रायडरला राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर गाडी टेम्पोत घालून हजार किलोमीटरहून लांब न्यावी लागते. एक तर कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट. पहिला २.१ किलोमीटरचा, आखूड, श्वास घ्यायला जागा न देणारा. दुसरा ३.७१७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. तिथे पोहोचल्यावर सरावाची सत्रं मोजकी आणि मिनिटंही मोजकी. म्हणून जे इथे, गॅरेजात उरकता येतं, ते इथेच उरकून निघायचं असतं.

एवढी तयारी कशासाठी, याचं माझं उत्तर सरळ आहे: वळणात शिरताना डोक्यात दुसरा विचार नको, यासाठी. माणसाजवळ लक्ष मोजकंच असतं. ब्रेकचा लिव्हर काल होता त्यापेक्षा आत जातोय, हेल्मेट कपाळावर रुततंय, तिसऱ्या वळणानंतर काय होतं ते नीट आठवत नाही. यातली प्रत्येक गोष्ट त्या लक्षातला वाटा खाते, आणि २०० च्या वेगाने ब्रेक मारताना वाटून द्यायला काही नसतं. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका हिशेबातून आलेलं आहे.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून करतो, कारण मुंबईकर तिथेच सगळ्यात जास्त मार खातात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या त्याच ऑइलसाठी मानकातली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पावसाळ्यात आपल्या घरात मीठ ओलं होतं, पापड सादळतात. त्या हवेत अर्धी उघडी बाटली महिनाभर फळीवर राहिली तर तिच्यात काय होत असेल याचा अंदाज करा. शहरात चालवताना हे कधी कळत नाही. ट्रॅकवर सहाव्या-सातव्या फेरीत कॅलिपर (चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) तापतो, ऑइलमधलं पाणी उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर थेट हँडलला टेकतो. म्हणून नेम असा: छोटी, सीलबंद बाटली घ्यायची, रेसच्या आठवड्यात फोडायची, जुनं ऑइल पूर्ण ढकलून नवं भरायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं.

ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, करताना बहुतेक जण फक्त कॅलिपरचा निप्पल उघडतात. हवा वर चढते, आणि सगळ्यात उंच जागा असते लिव्हरशेजारच्या मास्टर सिलिंडरला नळी जोडणारा बँजो बोल्ट. तो फडक्याखाली किंचित सैल करून, लिव्हर हळू दाबून, पुन्हा आवळायचा. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवायचं, रंग खातं ते. मग लिव्हर रात्रभर रबराने हँडलला बांधून ठेवायचा. सकाळी रबर सोडला की वर साचलेले बारीक बुडबुडे ऑइलच्या डबीत निघून जातात आणि लिव्हर दगडासारखा लागतो. मूळ रबरी नळ्यांच्या जागी स्टीलची जाळी असलेल्या नळ्या टाकल्या तर फरक बोटाला कळतो, कारण रबर दाबाखाली फुगतं.

दुसरं काम लॉकवायरचं, म्हणजे बोल्ट सुटू नयेत म्हणून ते तारेने बांधायचं. वेळखाऊ आहे, आणि मला विचाराल तर मेकॅनिकची पारख याच कामात होते. ज्या बोल्टामागे तेल आहे तो प्रत्येक बोल्ट तारेने बांधायचा: ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण, फिल्टर. शिवाय कॅलिपरचे बोल्ट. तार स्टेनलेस स्टीलची, साधारण ०.८ मिलिमीटरची. बोल्टच्या डोक्याला दीड मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं. आधी पंच मारून खळगा करा, ड्रिल सावकाश फिरवा, तेलाचा थेंब सोडत राहा. बिट मोडतं ते बहुधा शेवटी, पलीकडून बाहेर पडताना, कारण तिथे माणूस जोर देतो. तार अशा बाजूने ओढून बांधायची की बोल्ट सुटायला लागला तर तार ताणली जावी. उलट बाजूने बांधलेली तार नुसती शोभेची. पीळ इंचाला सात-आठ पुरेत. जास्त पिळली की तार कडक होऊन कंपनाने तुटते. टोक आत वळवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तुमचंच बोट फाटेल. स्क्रूसारख्या फिरवायच्या फिल्टरला बोल्ट नसतो, तिथे भोवती होज क्लिप आवळून तार तिला बांधतात.

हा एवढा खटाटोप कशाला, तर सुटलेल्या ड्रेन बोल्टचं तेल आधी स्वतःच्या मागच्या टायरवर पडतं आणि नंतर मागून येणाऱ्या दहा जणांच्या वाटेत. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी डिस्टिल्ड वॉटर भरतात तेही याच कारणाने: कूलंटमधलं ग्लायकॉल निसरडं असतं आणि पाण्यासारखं वाळून जात नाही. फेअरिंगचा, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या कवचाचा, खालचा भाग इंजिन फुटलं तर तेल धरून ठेवेल असा बंद असतो. त्याला एक बूच असतं. कोरड्यात बूच लावलेलं, पावसात काढलेलं. पावसात काढायचं विसरलात तर पोटात पाणी साचून तेच टायरवर उडतं.

सगळे नट-बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे आणि प्रत्येकावर रंगाच्या पेनाने बोल्टपासून बॉडीपर्यंत सरळ रेघ ओढायची. पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, पान्हा न लावता नुसत्या नजरेने कळतं. रेघ तुटली की बोल्ट हलला. अॅल्युमिनियमचे आटे हाताच्या अंदाजाने आवळून गेले की ऐन स्पर्धेत दुरुस्त होत नाहीत. पुढचं चाक बसवताना क्रम महत्त्वाचा: आधी अॅक्सल (चाकाचा दांडा), मग गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक दाबून फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) चार-पाचदा खालीवर करायचे, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात, आणि मगच अॅक्सल आवळून धरणारे खालचे पिंच बोल्ट. हा क्रम चुकला तर फोर्क अडकत चालतो आणि रायडर विनाकारण सस्पेन्शनच्या स्क्रूशी झगडत बसतो.

आता टायरची हवा. ‘किती हवा ठेवू?’ या प्रश्नाला थंड टायरचा आकडा सांगून काही होत नाही. ट्रॅकवर मोजायचा तो गरम टायरचा दाब. उदाहरणाने सांगतो. २५ अंशांना २४ पीएसआय भरलेला टायर ८० अंशांवर गेला की कोरड्या हवेनेही ३१ च्या आसपास पोहोचतो. फुगलेल्या टायरची जमिनीला टेकणारी जागा घटते, पकड जाते. उलट हवा फार कमी असेल तर टायरचं कवच लोळतं, टायर गरजेपेक्षा जास्त तापतो आणि गाडी वळणात डगमगते. टायर कंपनीचा तक्ता असतो, तो पाळावा. तीन-चार जोरदार फेऱ्या मारून पिटमध्ये आल्या आल्या, पहिल्या मिनिटातच, गेज लावावा. गप्पा मारून मग मोजलेला आकडा खोटा असतो.

पावसाळ्यात यात आणखी एक गोम आहे. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि हवेबरोबर टायरात जातं. मोठ्या बाइकच्या मागच्या टायरात चमचाभर पाणी गेलं, तर ८० अंशांवर त्याची वाफ एकटी पाच पीएसआयहून जास्त दाब चढवू शकते. दोन टायर, तोच थंड आकडा, आणि गरम आकडे वेगवेगळे, याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं. उपाय फुकट आहे: भरण्याआधी टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडून द्या.

मोटोजीपीत, मोटरसायकल रेसिंगच्या जागतिक स्पर्धेतही, हा आकडा निकाल फिरवतो. २०२४ साली तिथे पुढच्या टायरचा किमान दाब १.८० बार होता आणि मुख्य रेसच्या ६० टक्के फेऱ्यांत तो पाळणं सक्तीचं होतं. चुकलात तर १६ सेकंदांचा दंड. पेच असा की दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवलं की समोरच्या गाडीची गरम हवा अंगावर येते, टायर तापतो, दाब चढतो आणि पुढचं चाक काय करतंय ते हाताला कळेनासं होतं. एकटं पुढे निघालं की दाब उतरतो. म्हणजे रेस कोणत्या जागेवरून चालवावी लागेल याचा अंदाज बांधून टीमला आधीच हवा ठरवावी लागते.

सस्पेन्शनबद्दल गॅरेजमध्ये फार गूढ बोललं जातं. सुरुवात मात्र साधी आहे, मोजपट्टी आणि दोन माणसं. स्टँडवर मागचं चाक अधांतरी ठेवून अॅक्सलपासून शेपटीवरच्या खुणेपर्यंत मोजा, समजा ६०० मिलिमीटर. रायडरला पूर्ण सूट-हेल्मेटसह बसवा. गाडी खाली दाबून हळूच सोडा आणि मोजा, ५६६. मग वर उचलून हळूच सोडा, ५७२. दोन्हींची सरासरी ५६९, म्हणजे सॅग (वजनाने गाडी किती खाली बसते ते अंतर) ३१. रेससाठी पुढे ३० ते ३५ आणि मागेही साधारण तेवढाच धरून चालतात. मधला ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे घर्षण. तो १० च्या वर गेला तर लिंकेजच्या (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांच्या) बेअरिंगमध्ये ग्रीस सुकलंय किंवा काहीतरी वाकलंय, तिथे स्क्रू फिरवून उपयोग नाही. पुढच्या फोर्कच्या नळीवर एक छोटा झिपटाय बांधून ठेवा. पहिल्या सत्रानंतर तो कुठवर ढकलला गेला ते बघा. तळाला जवळजवळ टेकलाय पण थोडी जागा उरलीय, तर स्प्रिंग बरोबर. अर्ध्यावरच थांबलाय, तर स्प्रिंग कडक आहे किंवा रायडर ब्रेक पुरेसा मारत नाहीये. दोन्ही शक्यता खुल्या मनाने बघाव्यात.

स्प्रॉकेटचं, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रांचं, गणित थोडक्यात. पुढे १५ आणि मागे ४२ दातांचं गुणोत्तर २.८०. मागे एक दात वाढवून ४३ केले तर २.८७, पुढे एक कमी करून १४ केले तर थेट ३.००. पुढचा एक दात मागच्या तिनांच्या बरोबरीचा, म्हणून बारीक फरक मागून करतात. कारीसाठी आखूड गिअरिंग (मोठं गुणोत्तर), चेन्नईच्या सरळ रस्त्यासाठी थोडं लांब. चेन त्याच मापात बसते का, हे घरीच तपासून घ्या.

गाडी झाली. शरीराकडे आपल्याकडे दुर्लक्ष होतं, आणि ते मला खरोखर खुपतं. रेसमध्ये नाडी मिनिटाला १७० च्या पुढे जाऊन तिथेच टिकून राहते. ब्रेकिंगला सगळं वजन हातांवर यायला बघतं. जो हाताने हँडल आवळून धरतो त्याची कोपराखालची स्नायूंची पेशी फुगते, तिला आवरणात जागा उरत नाही, रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. याला आर्म पंप म्हणतात, आणि मोठमोठ्या रेसरना त्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आहे. बऱ्याचदा मूळ पकडीत असतं. टाकी गुडघ्या-मांड्यांनी धरायची आणि हात सैल सोडायचे. त्यासाठी पाय, पाठ आणि पोट मजबूत लागतं, दंड नव्हे. इमारतीचे जिने, सायकल, प्लँक आणि मानेचे व्यायाम, जिमची फी न भरताही हे होतं. लिव्हर हाताच्या सरळ रेषेत येईल असा फिरवून घेणं हाही त्यावरचाच इलाज.

उकाड्याचं गणित वेगळं मांडावं लागतं. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, तेव्हा उकाड्यामुळे रेस २४ वरून २१ फेऱ्यांवर आणली होती. तरीही दुसऱ्या आलेल्या होर्गे मार्टिनला पाणी कमी पडल्यामुळे उपचार घ्यावे लागले. चामड्याचा सूट घाम वाळू देत नाही. प्रत्येक सत्राआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं, भरून काढताना दीडपट प्या, आणि नुसतं पाणी नको, मीठ-साखर हवं. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पुरतं. रेसच्या तीन तास आधी वरणभात, दहीभात, पोटाला ओळखीचं काहीतरी. त्या दिवशी नवीन पदार्थ नाही, नवीन बूट नाहीत, नवीन हातमोजे तर अजिबात नाहीत.

ट्रॅक पाठ करणं हा तयारीचा सगळ्यात स्वस्त भाग. पोहोचलात की आधी पायी फिरा. गाडीवरून सपाट वाटणारी जागा पायाला उतरती लागते, रबराचा काळा पट्टा कुठे संपतो ते दिसतं, ट्रॅकच्या काठावरच्या कर्बच्या मागे खड्डा आहे की गवत हे कळतं. ब्रेकची खूण, वळायची खूण, आतला टोकाचा बिंदू आणि बाहेर पडायची जागा, प्रत्येक वळणाला या चार गोष्टी हव्यात. खूण म्हणून सावली कधीच धरू नका. सकाळच्या सरावातली सावली दुपारच्या रेसमध्ये जागेवर नसते. नंतर डोळे मिटून, हातात स्टॉपवॉच घेऊन पूर्ण फेरी मनात मारा, गिअर बदलण्यासकट. मनातली फेरी खऱ्या वेळेच्या दोन-तीन सेकंदांत यायला हवी. पाच-सात सेकंद लवकर संपली तर मध्ये कुठलं तरी वळण तुम्ही गाळलंय, आणि ते शोधून काढलं की बहुधा तेच तुमचं कच्चं वळण निघतं.

मुंबईत राहून याचा सराव कुठे, हा प्रश्न येतोच. कार्टिंगच्या ट्रॅकवर छोट्या गाड्या चालवायला परवानगी मिळाली तर उत्तम. वेग कमी, वळणं भरपूर, अंग हलवायची सवय होते. रात्रीच्या बीकेसीत किंवा रिकाम्या हायवेवर मात्र काहीही शिकायला मिळत नाही, आणि जीव जातो तो वेगळाच. ब्रेकची हद्द शोधायची म्हणजे कधीतरी ती ओलांडायची. ट्रॅकवर त्यासाठी बाहेर मोकळी जागा ठेवलेली असते. रस्त्यावर तिथे डिव्हायडर असतो, आणि समोरून येणाऱ्या माणसाने रेसमध्ये नाव दिलेलं नसतं.

स्पर्धेच्या ठिकाणी आधी स्क्रुटिनी. लॉकवायर, ब्रेक, हेल्मेटचा शिक्का आणि पट्टा, सूट, पाठीचं कवच तपासतात. हेल्मेटला डबल-डी रिंगचाच, दोन कड्यांतून ओवायचा, पट्टा लागतो. पहिल्या सत्रात सत्तर-ऐंशी टक्क्यांनी चालवा, हवा मोजा, झिपटाय बघा. मग एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि वेळ सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर त्याहून वाईट. झेंडे झोपेत विचारले तरी सांगता यायला हवेत. खासकरून केशरी वर्तुळाचा काळा झेंडा: तुमच्या नंबरासह दाखवला की गाडीत बिघाड आहे, लगेच ट्रॅकबाहेर पडायचं. इथे हट्ट केला तर दुसऱ्याचा जीव जातो.

पात्रता फेरीत छोट्या इंजिनांच्या वर्गात एकट्याने पळून चालत नाही. चेन्नईच्या सरळ रस्त्यावर पुढच्याच्या हवेच्या आडोशाला राहिलं की फुकटचा वेग मिळतो. याच कारणाने शेवटच्या फेरीत शेवटच्या वळणातून पहिलं बाहेर पडणं बऱ्याचदा तोट्याचं ठरतं, मागचा आडोसा घेऊन रेषेच्या अलीकडे निघून जातो.

रेस सुटतानाची चूक बहुतेकदा उजव्या हातात नसते, डाव्यात असते. आरपीएम ठरलेल्या जागी धरून क्लच एकदम सोडला की पुढचं चाक वर येतं आणि थ्रॉटल बंद करावा लागतो. क्लच पकडतो त्या बिंदूपर्यंत आधी आणून ठेवा, छाती टाकीवर, कोपरं बाहेर, आणि गाडी चालू लागल्यावर उरलेला क्लच सावकाश. सराव म्हणून लागोपाठ तीन-चार स्टार्ट मारले तर प्लेटा जळतात आणि पकडायचा बिंदूच सरकतो. दोन मारा, थांबा, लिव्हरचं अंतर पुन्हा बघा. पहिल्या फेरीत, जिथे टायर आधीच तापवून ठेवणारे वॉर्मर नाहीत तिथे, कमी वापर झालेल्या बाजूच्या वळणावर विशेष जपून. टायरची ती कड अजून थंड असते, आणि पहिल्या फेरीतली बरीच माणसं तिथेच पडतात.

रेस संपली की घड्याळाकडे बघण्याआधी वहीत लिहा: कुठे पुढचं चाक सरकलं, कुठे कोणी ओलांडलं, कोणत्या गिअरमध्ये इंजिन कमी पडलं. वेळांचा कागद हातात आला की आठवणी त्याला जुळवून घ्यायला लागतात. मग टायरचा पोत बघा. बारीक, एकसारखा खरखरीत असेल तर ठीक. कड चिरल्यासारखी, खोल फाटलेली दिसत असेल तर हवा आणि मागचा डँपर, दोन्ही पुन्हा बघायचे. परतीच्या टेम्पोत पुढचं चाक ते अडकवायच्या चॉकमध्ये घट्ट बसवा आणि पट्टे हँडलऐवजी फोर्कच्या खालच्या ब्रॅकेटला लावा. हँडल पूर्ण खाली खेचून हजार किलोमीटर नेलं की फोर्कची सील गळायला लागते. टाकी रिकामी, बॅटरीची तार सोडलेली. आणि उघडलेली ब्रेक ऑइलची बाटली तिथेच सोडून यायची, मुंबईला आणायची नाही.